बंद केलेलं प्लगइन, उघडी राहिलेली फाइल

वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवरच्या साइट्स सांभाळणाऱ्यांमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. न लागणारं प्लगइन, म्हणजे साइटला जादा सोय देणारा जोड-प्रोग्राम, डीअ‍ॅक्टिव्हेट (बंद) करा, धोका संपला. लाखो लोक वापरतात ते प्लगइन सुरक्षितच. वर एक सिक्युरिटी प्लगइन टाका. आणि चालत्या साइटला अपडेटचा हात लावू नका. मला तो एका क्लासच्या सरांनी पाठवला. त्यांची साइट मीच बघतो, म्हणून लिहायला बसलो.

पहिल्या मुद्द्यानं सगळ्यात जास्त घात होतो. डीअ‍ॅक्टिव्हेट केलं की वर्डप्रेस ते प्लगइन लोड करत नाही, एवढंच. फाइली सर्व्हरवर जागच्या जागी असतात, आणि त्यातल्या पीएचपी फाइलचा (सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलचा) पत्ता कुणी थेट टाकला तर ती वर्डप्रेसला न विचारता चालू शकते. २०२०च्या सप्टेंबरमध्ये ‘फाइल मॅनेजर’ प्लगइनचं हेच झालं. ७ लाखांवर साइट्सवर होतं ते. त्यात एलफाइंडर ही दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडची लायब्ररी वापरलेली, आणि तिच्यासोबत नमुन्याची एक फाइल येते: ‘कनेक्टर.मिनिमल.पीएचपी.डिस्ट’. शेवटचं ‘डिस्ट’ आहे तोवर सर्व्हर सहसा ती चालवत नाही. प्लगइनवाल्यांनी ते शेपूट छाटलं, आणि लॉगिन नसलेल्या कुणालाही साइटवर हवी ती फाइल चढवता येऊ लागली. काही हल्लेखोरांनी आत शिरल्यावर त्याच फाइलला पासवर्ड लावला, मागून दुसरा चोर येऊ नये म्हणून! दुरुस्ती ६.९ आवृत्तीत आली. पण ‘बंदच आहे की’ म्हणून ६.८ तसंच ठेवलेल्याला तिचा काय उपयोग?

लाखो लोक वापरतात, हेही कवच नाही. साइट वेगानं उघडावी म्हणून टाकतात ते ‘लाइटस्पीड कॅश’ प्लगइन ५० लाखांवर साइट्सवर आहे. त्यातल्या एका गुप्त कोडला फक्त १० लाख शक्यता होत्या, हे ऑगस्ट २०२४मध्ये उघड झालं. माणसाला ते मोठं वाटतं, पण स्क्रिप्ट एकेक करून सगळे तपासते आणि कोड जुळला की अ‍ॅडमिन बनून बसते.

सिक्युरिटी प्लगइनचं तर हसावं की रडावं कळत नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये ‘रिअली सिम्पल सिक्युरिटी’मध्ये चूक सापडली, तीही टू-फॅक्टर लॉगिनच्या, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री करणाऱ्या सोयीच्या, कोडमध्ये. ज्यांनी खबरदारी म्हणून ते चालू केलं, त्यांच्याच साइटवर पासवर्डशिवाय शिरता येत होतं. प्लगइन ४० लाख साइट्सवर होतं.

अपडेटचा मुद्दा मात्र अगदीच खोटा नाही. अपडेटनं पानं विस्कटतात, मीही रात्री जागून निस्तरलंय. २०१७मध्ये ‘डिस्प्ले विजेट्स’ हे प्लगइन नव्या मालकाकडे गेलं आणि अपडेटमधूनच स्पॅम घुसवलं गेलं. लॉगिन केलेल्याला ते दिसायचं नाही, त्यामुळे साइटच्या मालकाला पत्ताच नाही. तरी अपडेट थांबवणं हा त्यावर उपाय नव्हे, कारण दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठं होतं हेही जगजाहीर होतं. आधी बॅकअप घ्यायचा, मग अपडेट करायचं.

सरांच्या साइटवर १४ बंद प्लगइनं निघाली. डीअ‍ॅक्टिव्हेट केल्यावर तिथंच ‘डिलीट’ दिसतं, ते दाबत गेलो. प्रवेश-फॉर्मच्या एका प्लगइनपाशी सर म्हणाले, ‘राहू द्या, पुढच्या अ‍ॅडमिशनला लागेल.’ म्हटलं, मे महिन्यात ताजं टाकून देतो. तेही काढलं.