‘एरर वाचू नका, जावा काढून पुन्हा टाका’ : हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

सबमिशन जवळ आलं की आपल्या कोल्हापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘जावा प्रोग्रॅम सुरूच होत नाही? लाल अक्षरं वाचत बसू नका. जुनी जावा काढा, लेटेस्ट टाका. जावा होम सेट करा. तरी नाही झालं तर रॅम कमी आहे. शंभर टक्के उपाय.’ राजारामपुरीत माझ्याकडे शिकायला येणारी पोरं हे सगळं करून, रात्र घालवून, सकाळी लॅपटॉप घेऊन येतात. म्हणून हे लिहितोय.

जावा म्हणजे जावा भाषेतले प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर, आणि लाल अक्षरं म्हणजे त्यानं दाखवलेली एरर. आधी ‘लेटेस्ट टाका’. एका मुलीनं प्रोजेक्ट कॉलेजच्या लॅबमध्ये जावा 21 वर कंपाइल केला होता (म्हणजे लिहिलेल्या कोडची चालवण्याजोगी ‘क्लास फाइल’ बनवली होती), घरी जावा 17. एररमध्ये स्पष्ट होतं : क्लास फाइलची आवृत्ती 65, आणि ही जावा 61 पर्यंतच ओळखते. आकड्यातून 44 वजा करा, जावाची आवृत्ती मिळते. 52 म्हणजे 8, 55 म्हणजे 11, 61 म्हणजे 17, 65 म्हणजे 21. तिला खरंच नवी जावा हवी होती, पण ते त्या ओळीनं सांगितलं, मेसेजनं नव्हे. कारण उलटंही घडतं. जावा 8 च्या काळात लिहिलेला, जॅक्स-बी (एक्सएमएल डेटा वाचण्या-लिहिण्याचा तयार कोड) वापरणारा प्रोग्रॅम जावा 11 वर ‘नो क्लास डेफ फाउंड’ म्हणत पडतो. 2018 साली आलेल्या जावा 11 मधून तो भागच काढलेला आहे. त्या तयार कोडची लायब्ररी वेगळी जोडावी लागते. तिथं लेटेस्ट टाकली की चालणारा प्रोग्रॅमही बंद पडतो. प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये मेमरीची मर्यादा ठरवणारा जुना ‘मॅक्स पर्म साइझ’ (MaxPermSize) हा पर्याय राहून गेला असेल, तर जावा 8 नुसती सूचना देऊन पुढे जायची. जावा 17 सुरूच होत नाही.

‘जावा होम सेट करा’ हा सल्ला अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवतो. जावा होम (JAVA_HOME) म्हणजे जावा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते सांगणारी सेटिंग. मेव्हन (प्रोजेक्ट बांधणारं साधन), टॉमकॅट (जावाचा वेब सर्व्हर) यांच्या स्क्रिप्ट ती बघतात. पण कमांड प्रॉम्प्टवर तुम्ही नुसतं ‘जावा’ टाइप करता, तेव्हा विंडोज ‘पाथ’मध्ये (फोल्डरांच्या ठरलेल्या यादीत) शोधतं आणि पहिली सापडेल ती चालवतं. ‘व्हेअर जावा’ (where java) ही कमांड द्या. दोन-तीन ओळी आल्या तर सगळ्यात वरची चालते. जावा होममध्ये ‘बिन’ फोल्डर द्यायचा नाही, त्याच्या वरचा द्यायचा. आणि बदल केल्यावर जुनी खिडकी बंद करून नवी उघडा. एवढ्या कारणानं तासभर अडकलेली पोरं मी पाहिली आहेत.

रॅमचं म्हणणं तर खर्चात पाडणारं. हीपसाठी (प्रोग्रॅमच्या डेटाला लागणाऱ्या मेमरीसाठी) जागा राखता आली नाही, असा संदेश आला की बऱ्याचदा जावा 32 बिटची असते आणि कमाल हीप 2 जीबी मागितलेली असते. 32 बिटच्या जावाला ती मिळणारच नाही, मशीनमध्ये 16 जीबी असली तरी. ‘जावा व्हर्जन’ (java -version) या कमांडच्या उत्तरात ‘64-बिट’ दिसतंय का, एवढं बघा. वडिलांना नवीन रॅमचे पैसे मागण्याआधी बघा.

राहिली लाल अक्षरं. विंडोजवर जार फाइलवर (जावा प्रोग्रॅमची एकत्र बांधलेली फाइल) डबल क्लिक केलं की सहसा ‘जावा-डब्ल्यू’ चालतं, त्याला कन्सोल, म्हणजे मजकूर दाखवणारी खिडकी, नसतो, म्हणून ‘काहीच होत नाही’ असं वाटतं. तीच जार कमांड प्रॉम्प्टवरून चालवा, एरर समोर येते. लांबलचक असली तर पहिली ओळ आणि ‘कॉज्ड बाय’ (Caused by, म्हणजे ‘कशामुळे’) ने सुरू होणारी शेवटची ओळ वाचा. बहुतेक वेळा खरं कारण त्या शेवटच्या ओळीत असतं : पोर्ट 8080 (सर्व्हरला लागणारा जोडणीचा क्रमांक) आधीच दुसऱ्या प्रोग्रॅमनं धरलाय, नाहीतर डेटाबेसचा पासवर्ड चुकलाय. यांतलं काहीही जावा पुन्हा टाकून सुटत नाही.

ग्रुपवर मदत मागताना याच दोन ओळी आणि ‘जावा व्हर्जन’चं उत्तर टाका. फोटो नको, मजकूर कॉपी करून.