‘कुबड्या’ आणि ‘निवडणुकीचा खेळ’: एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांविषयीच्या, म्हणजे शाळेनंतरचे मुख्यतः दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या सार्वजनिक कॉलेजांविषयीच्या, माझ्या लेखावर आपण एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप दोन आहेत. समुपदेशन, पुस्तकांसाठी मदत, मोफत शिकवणी, शिधा या साऱ्या सोयी म्हणजे विद्यार्थ्याला दिलेल्या कुबड्या आहेत आणि आपल्या पिढीने त्यांच्यावाचून शिक्षण घेतले, हा पहिला. दोन वर्षांसाठी येणाऱ्या मुलांच्या कॉलेजात निवडून दिलेले विद्यार्थी मंडळ हा मूठभरांचा बायोडेटा सजवण्याचा खेळ आहे, हा दुसरा. शेवटी, यंदा तिथे प्रवेश घेणाऱ्या आपल्या नातीला काय सांगावे, असे आपण विचारले आहे. त्या प्रश्नामुळेच हे उत्तर मी सवडीने लिहीत आहे.

आधी कुबड्यांविषयी. या राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत आणि १८ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही तिथे प्रवेश मिळतो. गुणांची चाळणी नाही. त्यामुळे वर्गात एका बाकावर नुकताच शाळेतून आलेला मुलगा असतो आणि शेजारच्या बाकावर दोन मुलांची आई असते. राज्यातील रहिवाशांना २०१२ पासून एका युनिटला (म्हणजे एका श्रेयांकाला) ४६ डॉलर फी आहे, म्हणजे तीन युनिटांच्या विषयाला १३८ डॉलर पडतात. पण त्याच विषयाच्या पाठ्यपुस्तकाची किंमत कधी कधी त्याहूनही जास्त असते. दार उघडे ठेवायचे आणि उंबरठ्यावर अडणाऱ्याकडे पाहायचेही नाही, हे बरोबर नव्हे, या विचारातून १९६९ साली राज्याने कायदा करून ‘ई.ओ.पी.एस.’ (एक्स्टेंडेड ऑपॉर्च्युनिटी प्रोग्रॅम्स अँड सर्व्हिसेस) नावाची योजना सुरू केली. तिचा लाभ घ्यायचा तर फीमाफीस पात्र असावे लागते, साधारणपणे सत्राला किमान १२ युनिटे घ्यावी लागतात आणि प्रत्येक सत्रात तीनदा समुपदेशकांची भेट घ्यावी लागते. या भेटी चुकवणाऱ्याचा लाभ धोक्यात येतो. मदत घेणाऱ्याकडून इतकी शिस्त मागणाऱ्या योजनेला मी कुबडी म्हणू शकत नाही.

आपण निवृत्त प्राध्यापक आहात आणि साताऱ्याचे आहात, म्हणून एक गोष्ट आग्रहाने मांडते. इलिनॉयमधील जोलिएट येथे अमेरिकेतील आज चालू असलेले सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज १९०१ साली सुरू झाले. त्याच वर्षी कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह चालवले आणि तेथील मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या घासाला महाराष्ट्रात कोणी कुबडी म्हटले नाही, आणि ‘कमवा आणि शिका’ हे ब्रीद त्याच ताटावर बसलेल्या मुलांनी खरे करून दाखवले. आपल्या पिढीला आधार नव्हता असे नाही, सर. तो बोर्डिंगच्या, एखाद्या मावशीच्या किंवा गावातल्या मास्तरांच्या रूपाने होता. नव्या देशात, नव्या शहरात ज्याला मावशी नाही, त्याच्यासाठी ते काम कार्यालयाला करावे लागते. कॅलिफोर्नियाच्या २०२१ च्या कायद्याने प्रत्येक कम्युनिटी कॉलेजाला १ जुलै २०२२ पर्यंत विद्यार्थ्यांच्या अन्न, निवारा अशा मूलभूत गरजांसाठी स्वतंत्र केंद्र उघडण्यास आणि त्यासाठी समन्वयक नेमण्यास सांगितले, ते यासाठीच.

आता विद्यार्थी मंडळाकडे येते. मला जे खरोखर सांगायचे आहे ते इथे आहे: सेवा कागदावर असणे आणि ती विद्यार्थ्याच्या हाती पडणे यांत अंतर असते, आणि ते अंतर सेवा घेणाऱ्यानेच बोलून दाखवावे लागते. लग्नानंतर इथे आल्यावर मी ज्या कॉलेजात संध्याकाळचे वर्ग केले, तिथे समुपदेशन कार्यालय पाच वाजता बंद होत असे आणि माझा वर्ग सहाला सुरू होई. पूर्ण सत्रभर मी त्या काचेच्या दारावरची वेळेची पाटी वाचली. कोणते विषय घेतले तर पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात ग्राह्य धरले जातील, हे विचारायला मला माणूसच भेटला नाही आणि मी एक विषय वाया घालवला. त्याच दाराशेजारी विद्यार्थी मंडळाच्या बैठकीची विषयपत्रिका चिकटवलेली असे. राज्याच्या खुल्या बैठकांच्या कायद्यानुसार ती नियमित बैठकीच्या ७२ तास आधी लावावी लागते आणि बैठकीत कोणालाही बोलण्याची संधी द्यावी लागते. माझ्या वर्गातला, गोदामात रात्रपाळी करणारा एक मुलगा त्या बैठकीत उभा राहिला आणि दोन मिनिटांत त्याने पाटीवरची वेळ आणि वर्गांची वेळ एकापुढे एक वाचून दाखवली. मंडळाने ठराव केला, त्यांच्या प्रतिनिधीने तो कॉलेजाच्या नियोजन समितीत नेला, आणि पुढच्या सत्रापासून आठवड्यातले दोन दिवस कार्यालय सातपर्यंत उघडे राहू लागले. अधिकाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पाचनंतर कोण येते, हे पाचला घरी जाणाऱ्याला दिसत नाही, एवढेच.

हे त्या एका कॉलेजाच्या चांगुलपणावर सोडलेले नाही, हे आपल्यासारख्या अभ्यासू वाचकाने लक्षात घ्यावे. १९८८ च्या सुधारणा कायद्याने कारभारात विद्यार्थ्यांचा सहभाग मान्य केला, आणि गुणांकनाची धोरणे, विद्यार्थी शुल्क, अंदाजपत्रकाची प्रक्रिया, विद्यार्थी सेवांचे नियोजन अशा विषयांवर निर्णयापूर्वी विद्यार्थ्यांना सहभागाची संधी दिली पाहिजे, असे राज्याच्या नियमावलीत लिहिले आहे. प्रत्येक ‘कॉलेज डिस्ट्रिक्ट’च्या, म्हणजे एक किंवा अधिक कॉलेजे चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, विश्वस्त मंडळावर एक विद्यार्थी सदस्य बसतो. त्याचे मत निर्णायक नसते, सल्ल्यापुरते असते, आणि ही उणीव मला खटकते. प्रतिनिधित्वासाठी सत्राला दोन डॉलर घेतले जातात. आपण त्याला सक्तीची वर्गणी म्हटले आहे, परंतु ते भरण्यास विद्यार्थी नकार देऊ शकतो.

आपल्या एका मुद्द्यापुढे मात्र मी मान तुकवते. मतदान कमी होते, हे खरे आहे. ज्याला या सेवांची सर्वाधिक गरज आहे, त्यालाच दोन नोकऱ्यांच्या धावपळीत बैठकीला यायला वेळ नसतो, आणि मंडळात वेळ असलेल्यांचीच गर्दी होते. घरून सहभागी व्हायचे तर सदस्याने आपल्या ठिकाणाचा पत्ता विषयपत्रिकेत छापावा, अशी अट कायद्यात होती. कम्युनिटी कॉलेजांच्या विद्यार्थी मंडळांसाठी ती २०२४ च्या कायद्याने सैल केली, आणि काही कॉलेजे पदाधिकाऱ्यांना मानधनही देतात. हे पुरेसे नाही. पण ज्या खुर्चीवर योग्य माणूस बसू शकत नाही, ती खुर्ची काढून टाकण्याऐवजी त्याला तिथपर्यंत पोहोचवण्याचा मार्ग शोधला पाहिजे, असे मला वाटते.

आपल्याकडच्या निवडणुकांच्या आठवणीने आपण अस्वस्थ होता, ते मी समजू शकते. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी उमेदवाराचा खून झाला, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकांऐवजी गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. हिंसा थांबावी, हे योग्यच होते. मात्र वर्गात पहिला आलेला विद्यार्थी वसतिगृहातल्या पाण्याविषयी बोलेलच असे नाही. २०१६ च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद पुन्हा आली, त्यामागे मला हीच जाणीव दिसते. दोन्हीकडच्या निवडणुकांची जात मात्र वेगळी आहे. इथल्या मंडळाच्या बैठकीत बहुतेक वेळ वाचनालयाच्या वेळा, बसचा पास आणि गरजू विद्यार्थ्यांसाठीच्या शिध्याच्या कपाटासाठी किती रक्कम द्यायची यावर जातो.

आपल्या नातीला निवडणूक लढवायला सांगा, असे मी म्हणणार नाही. पहिल्या आठवड्यात समुपदेशकांची वेळ घ्यायला मात्र अवश्य सांगा, कारण नंतर रांग वाढते. आणि आपली शैक्षणिक योजना त्यांच्याकडून लेखी करून घ्यायला सांगा. पहिल्या महिन्यात कधीतरी मंडळाच्या एका बैठकीत तिने मागच्या रांगेत बसून यावे. तिला आवश्यक असलेले एखादे दार चुकीच्या वेळी बंद होत असेल, तर ते कुठे जाऊन सांगायचे, हे तिला त्या तासाभरात कळेल. तिला काही अडले, तर या लेखाखाली लिहा. मी उत्तर देईन.