चावी आतच राहिली, तरी पैसे जातात

क्रिप्टो वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. थोडक्यात तो असा: हार्डवेअर वॉलेट, म्हणजे क्रिप्टोची चावी जपणारं छोटं उपकरण, घ्या आणि निर्धास्त व्हा. ते इंटरनेटला जोडलेलं नसतं, त्यातली खाजगी चावी (पैसे हलवायला लागणारी गुप्त संख्या) बाहेर निघूच शकत नाही, चिप प्रमाणित असते, खोक्याचं सील शाबूत असलं की झालं. यातलं प्रत्येक वाक्य अर्धवट खरं आहे. फोनमधल्या अ‍ॅपपेक्षा हार्डवेअर वॉलेट कितीतरी बरं, हे मीही आग्रहाने सांगतो. पण असं उपकरण बनवणं हे अजून न सुटलेलं कोडं आहे, आणि ‘निर्धास्त व्हा’ म्हणणारे नेमकं तेच झाकतात.

आधी इंटरनेटचं बघू. उपकरण नेटवर नसतं, पण व्यवहार तयार होतो तो नेटवरच्या कॉम्प्युटरवर. वॉलेट फक्त चावी वापरून त्यावर डिजिटल सही करतं. चुकीच्या व्यवहारावर सही झाली, तर चावी आत सुखरूप असून काय उपयोग? २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट या एक्स्चेंजचं सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर (एक क्रिप्टो चलन) गेलं. तिथे एकट्याच्या सहीने पैसे हलत नव्हते, हार्डवेअर वॉलेटही वापरात होती, आणि चावी कुणाचीच चोरीला गेली नव्हती. हल्लेखोरांनी सेफ या मल्टिसिग (एकाहून अधिक सह्या लागणाऱ्या) सेवेच्या एका डेव्हलपरचं मशीन ताब्यात घेतलं आणि त्या वाटेने सेवेच्या वेबपेजमध्ये आपला कोड घुसवला. ब्राउझरमध्ये नेहमीचा व्यवहार दिसत होता. सहीसाठी पुढे गेला तो पैसे सांभाळणाऱ्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचा (ब्लॉकचेनवर चालणाऱ्या प्रोग्रॅमचा) ताबाच दुसऱ्याला देणारा.

मग वॉलेटच्या पडद्यावर ते दिसायला नको होतं का? हवं होतं, पण बनवणाऱ्याची खरी अडचण इथेच आहे. साधं बिटकॉइन पाठवताना पत्ता आणि रक्कम दाखवली की काम भागतं. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या बाबतीत उपकरणाच्या हातात येते ती बाइट्सची रांग. तिचा अर्थ लावायला त्या कॉन्ट्रॅक्टची माहिती लागते, उपकरणाची मेमरी तुटपुंजी असते, नवी कॉन्ट्रॅक्ट रोज येतात, आणि ती माहिती येते त्याच कॉम्प्युटरमधून ज्याच्यावर आपला भरवसा नाही. म्हणून ती निर्मात्याने सही करून द्यावी लागते. ती नसेल तर पडद्यावर उरतो एक हॅश, म्हणजे व्यवहाराचा न वाचता येणारा सांकेतिक ठसा. बोटाच्या पेराएवढ्या पडद्यावरचे ते आकडे-अक्षरं बघून माणूस ‘मान्य’ दाबतो. याला मी सुरक्षा म्हणणार नाही.

‘चावी बाहेर निघूच शकत नाही’ हे तर प्रयोगाने खोटं ठरलेलं आहे. डिसेंबर २०१८ मध्ये लाइपझिगच्या केऑस कॉम्प्युटर क्लबच्या परिषदेत तीन संशोधकांनी ट्रेझर वन या हार्डवेअर वॉलेटमधून सीड (ज्या शब्दांपासून सगळ्या चाव्या तयार होतात ते) काढून दाखवलं. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकेन या एक्स्चेंजच्या सुरक्षा पथकाने सांगितलं की उपकरण सुमारे १५ मिनिटं हातात मिळालं तरी पुरे. पद्धत अशी: मायक्रोकंट्रोलर (उपकरणाची मुख्य चिप) सुरू होताना ‘मेमरी वाचायला बंदी आहे का’ हे तपासतो. नेमक्या त्या क्षणी त्याचा वीजपुरवठा अगदी निमिषभर खाली पाडायचा. तपासणी चुकते आणि मेमरी उघडी पडते. मग सांकेतिक रूपातलं सीड हाती येतं, आणि त्यावरचा काही आकड्यांचा पिन शोधणं कॉम्प्युटरला जड नाही. दोष सिलिकॉनमध्ये असल्यामुळे फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर) अपडेट करून तो जात नाही. सीडला जोडायचा वेगळा लांबलचक पासफ्रेज (जादा पासवर्ड) ठेवला, तर तो उपकरणात साठवलेलाच नसल्याने या हल्ल्यात वाचतो.

यावर उत्तर येतं की मग प्रमाणित सुरक्षित चिप घ्या. जरूर घ्यावी. पण सप्टेंबर २०२४ मध्ये निंजालॅब या सुरक्षा-संशोधन कंपनीने चिप बनवणाऱ्या इन्फिनिऑनच्या सुरक्षित चिपमध्ये असा दोष दाखवला की सही करताना लागणाऱ्या सूक्ष्म वेळेच्या फरकावरून चावी काढता येत होती. त्यांच्या म्हणण्यानुसार तो १४ वर्षं आणि सुमारे ८० उच्चस्तरीय प्रमाणन-चाचण्या कुणालाही न दिसता टिकून होता.

सीलबद्दल मोजकंच, कारण उदाहरण पुरेसं बोलकं आहे. २०२३ मध्ये कॅस्परस्की या सायबरसुरक्षा कंपनीने बनावट ट्रेझर मॉडेल टी या वॉलेटचा तपास मांडला. होलोग्राम शाबूत, खोकं हुबेहूब. आत मात्र मायक्रोकंट्रोलर बदललेला, आणि कवचाची दोन्ही अर्धी गोंद आणि दुहेरी टेपने चिकटवलेली. नवं सीड ‘तयार’ करताना ते उपकरण आधीच ठरवलेल्या २० सीडपैकी एक द्यायचं. मालकाने पासफ्रेज घातलाच, तर त्यातलं पहिलं अक्षर तेवढं वापरायचं. म्हणजे चोराला तपासायच्या शक्यता प्रत्येक सीडमागे ६४, एकूण १,२८०. पैसे भरायच्या आधीच ते चोराचे होते.

राहिला एक दरवाजा, ज्याबद्दल हा सल्ला अवाक्षर काढत नाही: खुद्द सही. प्रत्येक सहीत एक गुप्त यादृच्छिक संख्या लागते. फर्मवेअर दुष्ट असेल तर ते ही संख्या अशी निवडू शकतं की तिच्यात सीडचे तुकडे दडलेले असतील. ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘डार्क स्किपी’ या हल्ल्यात १२ शब्दांचं सीड अवघ्या दोन सह्यांमधून बाहेर जातं. ब्लॉकचेन, म्हणजे व्यवहारांची नोंदवही, सार्वजनिक, त्यामुळे चोराने ते फक्त वाचायचं. वायर नाही, वायफाय नाही, आणि सही तपासली तर ती वैधच. उपाय आहे: त्या संख्येत कॉम्प्युटरनेही आपली भर घालायची आणि उपकरणाने ती खरोखर वापरली का, हे पडताळायचं. बिटबॉक्स ०२ आणि ब्लॉकस्ट्रीम जेड या वॉलेटमध्ये ही सोय आहे. तुमच्या वॉलेटमध्ये ती आहे का, हे निर्मात्याच्या कागदपत्रांत शोधा. सापडलं नाही तर थेट विचारा.