काळ्या मातीपुढे फोर-व्हील-ड्राइव्ह

जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी) व्हॅन घेऊन तिच्यात प्रवासातल्या मुक्कामासाठी कुटुंबापुरते पलंग, ओटा व पाण्याची टाकी बसवावी, असा सल्ला एका लेखात वाचला आणि तो पटला. मात्र मराठवाड्यात काही गोष्टी वेगळ्या आहेत. आमच्या काळ्या मातीत पाऊस झाला की चिखल टायरच्या नक्षीत इतका गच्च बसतो की चारही चाके गुळगुळीत होऊन जागीच फिरतात. त्यामुळे जायकवाडी धरणाच्या काठाकडे जाणारी एखादी पांदण (शेतांमधली कच्ची वाट) केवळ गाडीच्या जोरावर धरण्यापेक्षा वापसा येईपर्यंत, म्हणजे जमीन पुरेशी सुकेपर्यंत, डांबरी रस्त्यालगत मुक्काम केलेला बरा.

आतील कामात गॅस सिलिंडरचा कप्पा सर्वांत महत्त्वाचा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तळाशी साचतो, म्हणून कप्प्याचे झरोके तळालगत आणि गाडीबाहेर उघडणारे हवेत. सुतार सवयीने ते वर पाडतात, तिकडे स्वतः लक्ष द्यावे. आसने कायमची काढण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी, कारण मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत बदल चालत नाहीत. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा पलंगाच्या लाकडापेक्षा छताच्या इन्सुलेशनवर (उष्णता अडवणाऱ्या थरावर) आधी खर्च करावा.