सर्वप्रथम नमस्कार

आमच्याकडे चकलीच्या भाजणीचा धंदा आहे. धंदा हा शब्द माझा. आमची ही म्हणते, "देते करून थोडंफार बायकांना." दिवाळीच्या महिनाभर आधी इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गल्लीत शिरलं की भाजलेल्या धन्याचा वास येतो. इतकी वर्षं आमची जाहिरात म्हणजे तेवढीच. वारा बरोबर दिशेला असला तर गिऱ्हाईक यायचं. सियागंजातून डाळी आणणं, पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं आणि लोकांची उधारी विसरणं, ही तीन खाती माझ्याकडे.

श्रावणात भाचा आला. त्यानं एक पिशवी उचलली, चिठ्ठीवरचा लँडलाइनचा नंबर वाचला आणि तो नंबर कधीचाच बंद झालाय हे कळल्यावर खुर्चीत बसला.

"मामा, असं नाही चालत आता. रील करावी लागेल."

जेल रोडवरून तो एक गोल दिवा आणि तिपाई घेऊन आला. तिपाईचा एक पाय दुसऱ्याच दिवशी निखळला, तेव्हापासून फोन साखरेच्या डब्याला टेकून उभा असतो. दिवा लावला की माझ्या चष्म्यात दोन पांढरी वर्तुळं उमटतात. चष्मा काढला तर समोर फोन आहे की साखरेचा डबा, तेच कळत नाही.

माझ्या बोलण्याबद्दल मला काळजी नव्हती. गणेशोत्सवात आभारप्रदर्शन गेली 20 वर्षं माझ्याकडेच आहे. मी घसा खाकरला. "सर्वप्रथम आपणा सर्वांना नमस्कार. आज या ठिकाणी..."

"कट! मामा, लोक गेले."

"कुठे?"

"पुढे. पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला तर थांबला, नाही तर अंगठ्यानं वर सरकवतो आणि जातो. सुरुवातीलाच हुक पाहिजे, मामा. हुक."

तीन सेकंदांत मी 'सर्वप्रथम' एवढंच म्हणू शकतो. आमच्या मंडळात श्रोते खुर्च्यांना जखडलेले असतात, कारण प्रसाद आभारानंतर असतो. हे भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "रीलमध्ये प्रसाद आधी द्यायचा."

शूटिंग सकाळीच करायचं, तेव्हा उजेड चांगला असतो. पण सकाळीच कचरागाडी येते. इंदूरात दूधवाला चुकेल, गाणं वाजवत येणारी कचरागाडी चुकणार नाही. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर असाच नाही आला. मी कॅमेऱ्यात बघून "खमंग" म्हणतोय तोच गाणं सुरू झालं, आणि आमची ही हातातला झारा माझ्या हातात कोंबून ओल्या कचऱ्याची बादली घेऊन बाहेर पळाली. पाच सकाळी असंच झालं. सहाव्या दिवशी नुसता आवाज लांबून आला तरी मी आपोआप "कट" म्हणालो.

त्यातच भाच्यानं बघितलं की मी माझ्या हातानं केलेलं सगळं शूटिंग फोन आडवा धरून केलंय. रील उभी असते, रुंदी नऊ तर उंची सोळा. म्हणजे दाराच्या फटीतून बघावं तसं. त्या फटीत आम्ही दोघं मावत नाही. एक तर ती दिसते, नाही तर मी आणि तिचं कोपर.

गाण्याचंही तेच. खातं धंद्याचं म्हटल्यावर सिनेमातली गाजलेली गाणी बहुतेक मिळतच नाहीत, कंपनीनं मोकळं ठेवलेलं संगीत घ्यायचं. आम्हाला जे मिळालं ते दातांच्या दवाखान्यात वाट बघताना वाजतं तसलं होतं. त्यावर चकली तळताना दाखवली की बघणाऱ्याची दाढ दुखायला लागावी.

शेवटी चिडून मी या प्रकरणाचं मूळ शोधलं. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा मला वाटलं होतं, सुटलो. पण पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील आणली आणि सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट्स या 15 सेकंदांच्या व्हिडिओंची पहिली चाचणी आपल्याकडेच घेतली. जगाला ठसका लागेल की नाही, हे आधी आम्हाला फोडणी देऊन बघितलं म्हणायचं. पुढे ते 60 सेकंदांचे झाले आणि ऑक्टोबर 2024 पासून तीन मिनिटांचे. तीन मिनिटं! एवढ्यात मी 'सर्वप्रथम'पासून 'उपस्थित मान्यवरां'पर्यंत आरामात पोचतो. भाचा म्हणाला, "मामा, तीन मिनिटं मिळाली म्हणजे ती वापरायचीच असतात असं नाही."

मग ती रील झाली. मी ऐटीत सोऱ्या दाबला. खालची फिरकी नीट आवळली नव्हती. चकतीसकट सगळा गोळा बदकन कागदावर पडला आणि मागून हिचा आवाज आला, "सांगितलं होतं मी." भाच्यानं मला न विचारता तेवढाच तुकडा टाकला. चार दिवसांत 1,40,000 वेळा बघितला गेला. माझ्या आभारप्रदर्शनाला 60 माणसं असतात, त्यातली 20 चपला शोधत असतात.

खाली शेकडो प्रतिक्रिया. 'काकूंचा आवाज म्हणजे थेट आमची आई.' 'काकांना पद्मश्री द्या.' एकानं सोऱ्या कुठे मिळाला विचारलं. एकीनं मागच्या भिंतीवरच्या घड्याळाची किंमत विचारली. भाजणीची ऑर्डर एकूण दोन. एक शारजाहून, ती पोचवायची कशी हे कुणालाच माहीत नाही. दुसरी शेजारच्या काकूंची. त्या आजवर वाटीभर भाजणी 'चव बघायला' न्यायच्या. आता रील बघून त्यांनी भाव विचारला आणि ऐकून म्हणाल्या, "प्रसिद्ध झालात म्हणून एवढं?"

मी रुसलो. म्हटलं, आता मला हवा तसा करणार, मोठा, सगळं सांगणारा. एका रविवारी आम्ही दोघांनी 22 मिनिटांचा व्हिडिओ केला, आडवा, दोघं मावतील असा. तांदूळ धुऊन सावलीत वाळवणं, हरभरा, मूग, उडीद वेगवेगळ्या भाजणं, आच मंद ठेवणं, मध्येच आमचं धन्यांवरून वाजलेलं भांडण, सगळं. यूट्यूब म्हणालं, 15 मिनिटांच्या वर जायचं तर आधी नंबर पडताळा. नंबर हिचा. कोड तिच्या फोनवर येणार. फोन साखरेच्या डब्याला टेकून दुसऱ्या शूटिंगला उभा, आणि ही बाहेर, कचरागाडीपाशी.

आठवड्यानं भाच्यानं आलेख दाखवला. लोक कुठे सोडून गेले, ते त्यात दिसतं. पहिल्या मिनिटाला रेघ पाताळपाणीच्या धबधब्यासारखी सरळ खाली. ते माझं प्रास्ताविक. त्यानंतर ती जमिनीलगत रांगत जाते आणि नवव्या मिनिटाला एकदम डोकं वर काढते. तिथे लोक मागे जाऊन पुन्हा बघत होते.

नवव्या मिनिटाला ही मोहन घालते. तेल कडकडीत तापवून पिठात ओतते, चमच्यानं कालवते, मग मूठ दाबून दाखवते. "जास्त झालं तर तेलात विरघळते, कमी झालं तर दात पडतात," एवढंच म्हणते. नमस्कार नाही, काही नाही. पिठानं माखलेली बोटं तेवढी दिसतात.

भाच्यानं ती 40 सेकंदं कापून शॉर्ट केलं आणि त्यावर मोठ्या व्हिडिओचा दुवा लावला. ते 1,40,000 वगैरे काही झालं नाही. पण फोन यायला लागले. सुदामा नगरातून एका बाईंचा आला तेव्हा त्यांच्या कढईत चकली प्रत्यक्ष विरघळत होती. ते तडतडणं मला फोनवर ऐकू येत होतं. हिनं पाऊण तास त्यांना सांभाळलं. पीठ वाचलं की नाही ते आठवत नाही, पण संध्याकाळी त्यांचा मुलगा दोन किलो तयार भाजणी घेऊन गेला. जाताना म्हणाला, "काका, आई म्हणाली व्हिडिओ छान आहे. सुरुवातीचं तेवढं काढा."

मी काढलेलं नाही.

घरात मात्र या सगळ्याचा परिणाम झालाय. काल सकाळी मी अंघोळीहून आलो आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "ओला टॉवेल गादीवर टाकणारे नवरे रोज एक चूक करतात..."

मी थांबलो. पहिले तीन सेकंद होऊन गेले तरी हललो नाही.