वन्सं, मी समुद्र बघायला चाललेली नाही

आज बेळगावातल्या शहापुरात एका बारशाला गेले होते. पंगतीत माझ्या क्रूझचा विषय निघाला. मी काढला नव्हता, आमच्या ह्यांनी काढला. स्वतः बोटीवर पाय ठेवणार नाहीत (चोर्ला घाटात दुसऱ्या वळणालाच लिंबू हुंगायला लागतात), पण बायको चाललीय हे गावभर सांगायची हौस दांडगी. जानेवारीत मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण. मुंबईहून बोट, वाटेत गोवा, मग लक्षद्वीप आणि परत.

वन्सं लगेच म्हणाल्या, "वहिनी, समुद्रच बघायचा तर चोर्ल्यातनं गोवा हाय की. एवढ्या पैशात काशी झाली असती." शेजारच्या पानावरचे एक गृहस्थ, ज्यांना मी ओळखतसुद्धा नाही, मठ्ठा ओतून घेत म्हणाले, "क्रूझ म्हणजे दारू आणि जुगार." सगळे हसले. वर वन्संची पुस्ती, "अजून ती यानाबिनाची पुस्तकं वाचतात हो आमच्या वहिनी. पोरांच्यागत."

बाळाच्या आईचा दिवस होता म्हणून गप्प बसले. इथं कशाला गप्प बसू?

मी समुद्र बघायला चाललेच नाही. मी बोट बघायला चाललेय. माझे मामा मालवाहू बोटीवर इंजिन खात्यात होते. सुट्टीवर खानापूरला आले की आम्हा पोरांना सोप्यात बसवायचे आणि खडूनं फरशीवर बोट काढायचे. बाहेरून नव्हे, उभी चिरलेली. तळाला इंजिन, शेजारी तेलाच्या टाक्या, आणि एका कोपऱ्यात एक पिंप काढून म्हणायचे, "हा आमचा पाण्याचा कारखाना. समुद्राचं पाणी उकळून पितो आम्ही." आजी आतून ओरडायची, "थापा मारू नकोस पोरांस्नी." मग मामा नीट समजावायचे. इंजिन तापतं, ती उष्णता वाया घालवायची नाही. पिंपातली हवा खेचून दाब कमी करायचा, म्हणजे पाणी शंभर अंशांच्या कितीतरी आधी उकळतं. वाफ गार केली की गोडं पाणी तयार.

त्याच सुमाराला मी वाचनालयातून आणलेल्या एका गोष्टीत यानातली माणसं असंच पाणी पुन्हा पुन्हा गाळून पीत होती. माझ्या डोक्यात तेव्हापासून बोट आणि यान ह्या दोन वस्तू वेगळ्या राहिलेल्याच नाहीत. बाहेर माणूस जगू शकत नाही अशी जागा, आत हजार-दोन हजार जीव, आपली वीज आपण करायची, आपलं पाणी आपण करायचं, आपली घाण आपण निस्तरायची. आपल्यासारख्याला अंतराळात कोण नेणार? जवळात जवळची गोष्ट हीच.

गेल्या वर्षी, 2025 मध्ये, शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात गेला तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. वन्संनीपण. चारशे किलोमीटर उंचीवरच्या त्या स्थानकात घाम आणि लघवीसकट 98 टक्के पाणी शुद्ध करून परत वापरतात. त्याचा अभिमान, आणि तसलीच गोष्ट वाचणारी बाई मात्र पोरकट!

आणि पोरांचं वाचन म्हणजे काय हो? नारळीकर कोल्हापुरात जन्मले, म्हणजे आपल्या शेजारीच. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी नारायण विनायक जगताप अशा टोपणनावानं विज्ञानकथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. एवढा जगन्मान्य शास्त्रज्ञ बसून गोष्टी लिहीत होता, तो काय टाइमपास म्हणून? 2021 च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ते गेले तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली होती. त्यातल्या एकानं तरी त्यांचं एक पान उलटलंय का, विचारायला पाहिजे होतं मी.

बरं, बोटीचं आणि ह्या गोष्टींचं नातं मीच जुळवलेलं नाही. पाणबुडीवाला कॅप्टन नेमो आठवतोय? ज्यूल व्हर्ननं 1875 च्या कादंबरीत उघड केलं की तो बुंदेलखंडचा राजपुत्र, आणि वर टिपू सुलतानाच्या नात्यातला. म्हणजे अर्धा आपल्या कर्नाटकाचाच की! अमेरिकेत तर स्टार ट्रेक ह्या अंतराळयानाच्या मालिकेच्या चाहत्यांची खास क्रूझ निघते, 2017 पासून. तिथली माणसं मालिकेतल्यासारखे टोकदार कान चिकटवून फिरतात, त्यांना कोण हसत नाही.

होय, बोटीवर बार असतो, कॅसिनो असतो, रात्री डीजे असतो. बोटी तेल जाळून धूर सोडतात हेही खरं. कबूल. पुढं.

एक गंमत सांगू? किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटर, गेलं की देशाची सागरी हद्दच संपते. ज्यांचा जन्म सीमाप्रश्नात गेला, पाट्यांवरची अक्षरं मोजण्यात गेला, त्यांनी एकदा तरी तिथं जाऊन उभं राहावं. ना बेंगळूरू, ना मुंबई.

आता राग थोडा उतरलाय. वन्संबद्दल मनात काही नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांत रात्र रात्र जागलेली बाई आहे ती. जगाकडं बघायला तिला कुणी सवडच दिली नाही, हे मला दिसतं. मठ्ठेवाल्या गृहस्थांना मात्र माफी नाही.

मामांचं एक राहिलं. ते म्हणायचे, दक्षिणेकडं जाल तसा ध्रुव खाली खाली येतो आणि विषुववृत्तापलीकडं पार बुडतो. शाळेत बाई शिकवत होत्या की ध्रुव अढळ आहे. मी मामांचं वर्गात सांगितलं, तर सगळा वर्ग हसला, आजच्या पंगतीसारखाच. मामांनी मग मला गच्चीवर नेऊन हात ताठ करून मूठ धरायला शिकवलं. एक मूठ म्हणजे जवळपास दहा अंश. आपल्याकडं ध्रुव क्षितिजावर दीड मुठीच्या जरा वर, म्हणजे सोळा अंशांच्या आसपास. लक्षद्वीपला तो दहा-अकरा अंशांवर येतो, एका मुठीवर. मला ती मूठ स्वतः धरून बघायचीय. आणि पहाटे दक्षिणेला त्रिशंकूचा तारकासमूह, आपल्याकडं दिसतो त्यापेक्षा बराच वर आलेला. एवढ्यासाठी मी पैसे भरलेत. डीजे बाकीच्यांनी ऐकावा.

क्रूझवर जाऊन आलेलं कुणी असेल तर सांगा: पहाटे चारला वरच्या डेकवर जाऊ देतात का? आणि तिथले दिवे कुठल्या बाजूला कमी असतात? दुर्बीण सामानात चालते का तेही. आणि इंजिन रूम दाखवत असतील, तर कुणाला विचारायचं?