खुलासा : आमवात आणि गुळवेलीचा काढा

मंडळी, परवापासून इंदूरच्या आपल्या रामबाग ग्रुपवर फिरतंय : “आमवात प्रतिकारशक्ती कमी झाल्याने होतो; गोळ्या बंद करा, गुळवेलीचा काढा घ्या.” हे चुकीचं आहे. आमवातात प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सूज त्यातूनच येते. माझ्या मावशीला सकाळी दुधाची पिशवीसुद्धा कापता येत नसे, बोटं इतकी आखडायची. मेथोट्रेक्सेट या औषधाने, तेही आठवड्यातून एकदाच घेऊन, बोटं पुन्हा वळू लागली. हे औषध उलटलेल्या प्रतिकारशक्तीला आवरतं, असं तिच्या डॉक्टरांनी समजावलं होतं. गुळवेलीचं म्हणाल तर २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलंय. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या सोडू नका, आणि तो मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका.